खरी वही हाच पहिला विमा

गटांच्या बैठकीला गेलो की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : बँक बुडाली तर आमच्या पैशाचं काय? आज त्याचा थोडा इतिहास पाहू.

१९६० साली आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. लोक हवालदिल झाले. त्यानंतर कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला. त्याचा हप्ता बँकेनं भरायचा. तेव्हा संरक्षण होतं १,५०० रुपयांचं. सहकारी बँका त्यात १९७१ पासून आल्या. वाढत वाढत १९९३ साली ही रक्कम १ लाख झाली आणि तिथंच थांबली.

मग पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचं प्रकरण घडलं. कागदावर नफा दिसत होता, थकबाकीही थोडी. पण निम्म्याहून कितीतरी जास्त कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे अडकलं होतं. ते झाकायला हजारो खोटी खाती दाखवली होती, असं तपासात पुढं आलं. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले. सुरुवातीला एका खात्यातून सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार होते! दवाखाना, पोरांची फी, घरभाडं, सगळं अडलं.

फेब्रुवारी २०२० मध्ये विमा ५ लाखांचा झाला. २०२२ साली ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. त्याहून मोठ्या ठेवी मात्र टप्प्याटप्प्यानं, दहा वर्षांपर्यंत मिळायच्या आहेत.

म्हणजे दोन्ही वेळा आधी लोकांचे पैसे अडकले, मग संरक्षण आलं. खोट्या वहीवरचा नफा हा नफाच नसतो.

आपल्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड यांच्या जोडीला चोख हिशेब आहे, तो यासाठीच. सगळं कर्ज एकाच घरात देऊ नका. थकलेलं कर्ज थकलेलंच लिहा, मग ते अध्यक्षांच्या जावेचं का असेना. आणि लक्षात ठेवा, पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही.

पुढच्या बैठकीत गटाची वही सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी आकडे विचारा. विचारणं हा आपला हक्क आहे.