वेब फ्रेमवर्क की डेस्कटॉप टूलकिट? पेणचा गणपती कारखाना आणि रोह्याचा वजनकाटा

छोट्या व्यवसायासाठी सॉफ्टवेअर करून घ्यायचे ठरले की करणारा पहिल्याच भेटीत विचारतो, "वेबवर करू, की संगणकावर बसवायचे करू?" बहुतेक मालक "जे स्वस्त पडेल ते" असे सांगून मोकळे होतात. पण या एका उत्तरावर पुढची पाच-दहा वर्षे अवलंबून असतात. वीज गेल्यावर पावती निघेल का, काट्यावरचे वजन आपोआप नोंदले जाईल का, जुना संगणक चालेल का, हे सगळे इथेच ठरते. या लेखात दोन्ही पद्धतींतला फरक दोन कल्पित उदाहरणांवरून समजून घेऊ. एक पेणमधला गणपतीचा कारखाना आणि दुसरा रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतला लहान उद्योग.

डेस्कटॉप टूलकिट म्हणजे काय?

पडद्यावर दिसणारी बटणे, चौकटी, याद्या, मेनू हे प्रत्येक प्रोग्रामरने शून्यातून बनवायचे नसतात. ते तयार मिळतात. अशा तयार भागांच्या संचाला टूलकिट म्हणतात. मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल बेसिक १९९१ साली आले, विनफॉर्म्स २००२ मध्ये आणि डब्ल्यूपीएफ २००६ मध्ये. नॉर्वेतल्या ट्रोलटेक कंपनीचे क्यूटी १९९५ मध्ये लोकांसमोर आले. व्हीएलसी प्लेअर क्यूटीवर उभा आहे. जीटीके हे टूलकिट गिम्प या चित्रांच्या प्रोग्रामसाठी जन्माला आले आणि पुढे लिनक्सवर सर्वत्र पसरले.

यातही दोन प्रकार आहेत. विनफॉर्म्ससारखी टूलकिट मुख्यतः ऑपरेटिंग सिस्टिमचीच बटणे वापरतात. क्यूटी आणि जीटीके आपली बटणे स्वतः रंगवतात. दोन्हींत प्रोग्राम संगणकावर बसवलेला असतो आणि फाइल, प्रिंटर, पोर्ट यांच्याशी तो थेट बोलू शकतो.

वेब फ्रेमवर्क म्हणजे काय?

वेबवर पडदा रंगवण्याचे काम ब्राउझर करतो. पानाची रचना एचटीएमएलमध्ये, रूप सीएसएसमध्ये आणि हालचाल जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली असते. पान मोठे झाले की माहिती बदलल्यावर कुठला भाग पुन्हा काढायचा, याचा हिशेब ठेवणे अवघड होते. ते काम फ्रेमवर्क करते. फेसबुकने २०१३ मध्ये खुले केलेले रिॲक्ट, २०१४ मध्ये आलेले व्ह्यू आणि गूगलचे अँग्युलर ही त्यातली परिचित नावे. म्हणजे रिॲक्ट स्वतः बटण रंगवत नाही, बटणावर आता काय दिसायला हवे ते ब्राउझरला सांगते.

मधला मार्ग

२०१३ मध्ये गिटहबने इलेक्ट्रॉनची सुरुवात केली. यात वेबचा प्रोग्राम आणि त्यासोबत पूर्ण क्रोमियम ब्राउझर एकाच पेटीत भरून संगणकावर बसवतात. व्हीएस कोड असाच बनला आहे. फायदा असा की एकच प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो. तोटा असा की साधी वही लिहिणारा प्रोग्रामही शंभर एमबीच्या वर जातो आणि मेमरीही जास्त खातो. टौरी हे नवे साधन ब्राउझर सोबत न देता संगणकात आधीच असलेले वेबव्ह्यू वापरते. त्यामुळे पेटी लहान होते, पण प्रत्येक सिस्टिमवरचे वेबव्ह्यू वेगळे असल्याने तपासणी जास्त करावी लागते.

मधल्या मार्गाचे आणखी एक उदाहरण आपल्या कर सल्लागाराकडे सापडेल. जीएसटी विवरणपत्रांचे ऑफलाइन टूल संगणकावर बसवावे लागते, पण उघडते ब्राउझरमध्ये.

कसोटी पहिली: वीज आणि नेट

पेण, हमरापूर, जोहे या भागातल्या कारखान्यांचा हंगाम ऐन पावसाळ्यात शिखराला पोहोचतो. जोराच्या पावसात वीज आणि नेट कधी जाईल याचा भरवसा नसतो. अशा वेळी मुंबईचा व्यापारी दारात टेम्पो घेऊन उभा असेल, तर कुठल्या उंचीच्या किती मूर्ती ठरल्या होत्या आणि बयाणा किती दिला होता, हे त्याच क्षणी समोर यावे लागते.

डेस्कटॉप प्रोग्राम माहिती संगणकातल्याच फाइलमध्ये ठेवत असेल, तर नेट नसल्याने त्याचे अडत नाही. इन्व्हर्टर किंवा लॅपटॉपची बॅटरी पुरते. वेब प्रोग्रामही नेटशिवाय चालवता येतो. सर्व्हिस वर्कर ही सोय पान साठवून ठेवते आणि ब्राउझरमधल्या इंडेक्स्ड डीबीमध्ये नोंदी राहतात. पण ही सोय आपोआप मिळत नाही, ती मुद्दाम लिहून घ्यावी लागते. शिवाय कोणी ब्राउझरची साठवलेली माहिती पुसली, तर सर्व्हरवर न गेलेल्या नोंदीही पुसल्या जातात.

डेस्कटॉपचा धोका वेगळा. वही एकाच हार्डडिस्कवर असेल आणि ती डिस्क बंद पडली, तर सगळा हंगाम गेला. म्हणून डेस्कटॉप घेतला तर रोजचा बॅकअप हवाच.

कसोटी दुसरी: यंत्रांशी संवाद

धाटावसारख्या वसाहतीत रसायनांचे पिंप काट्यावर चढते, वजन नोंदले जाते, लेबल छापले जाते आणि चलन निघते. अनेक काटे आजही सीरियल पोर्टमधून वजन पाठवतात. डेस्कटॉप प्रोग्रामला ते वाचणे सोपे आहे. लेबलच्या प्रिंटरलाही तो थेट आज्ञा देऊ शकतो.

ब्राउझर सुरक्षेसाठी पानाला संगणकापासून दूर ठेवतो. अनोळखी संकेतस्थळाने आपला काटा किंवा फाइल वाचू नये, म्हणून ही भिंत आहे. क्रोममध्ये २०२१ पासून वेब सीरियल ही सोय आहे, पण ती वापरणाऱ्याच्या परवानगीनेच उघडते आणि सगळ्या ब्राउझरांवर तिचा भरवसा धरता येत नाही. छापतानाही ब्राउझर साधारणपणे आधी आपली छपाईची चौकट दाखवतो. दिवसाला दहा पावत्या असतील तर ते खपते, चारशे लेबले असतील तर कामगार वैतागतो.

हाताने वजन टाइप करण्यात आकडा चुकण्याचा धोकाही असतो. चलनावर ४८ चे ८४ झाले, तर भांडण माल पोहोचल्यावर होते.

कसोटी तिसरी: जुना संगणक

"वेबवर असले की कुठल्याही संगणकावर चालते" असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. क्रोमने फेब्रुवारी २०२३ मध्ये, ११० व्या आवृत्तीपासून, विंडोज ७ आणि ८.१ चा आधार काढून घेतला आणि इलेक्ट्रॉननेही त्याच वाटेने पाऊल टाकले. नवे क्यूटी ६ सुद्धा विंडोज ७ वर चालत नाही. जुना विनफॉर्म्सचा प्रोग्राम मात्र जुन्या आणि नव्या दोन्ही विंडोजवर बऱ्याचदा तसाच चालतो. असे असले तरी सुरक्षा दुरुस्त्या बंद झालेला संगणक नेटला जोडून त्यावर पैशांचे व्यवहार करणे धोक्याचेच.

कसोटी चौथी: मराठी अक्षरे

जोडाक्षरे, वेलांट्या आणि रफार योग्य जागी बसवण्याचे काम अक्षरजुळणी करणारे इंजिन करते. क्रोम, फायरफॉक्स, जीटीके आणि क्यूटी हे सगळे हार्फबझ हे इंजिन वापरतात. त्यामुळे युनिकोड मराठी यांत नीट दिसते. जुन्या टूलकिटमध्ये मात्र "ऱ्य" किंवा "र्‍हा" मोडलेले दिसू शकतात, म्हणून आधी तपासून घ्यावे.

वेबचा एक खास फायदा आहे. पानाची भाषा मराठी आहे असे एचटीएमएलमध्ये नोंदवले आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर "ल" आणि "श" हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे दिसतात. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेल्या ग्राहकांच्या याद्या असतील, तर कुठलीही पद्धत निवडली तरी त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

कसोटी पाचवी: बदल आणि देखभाल

वेबचे पारडे इथे जड आहे. सर्व्हरवर एकदा बदल केला की सगळ्यांना तो मिळतो. पेणच्या कारखानदाराचा भाऊ मुंबईतल्या स्टॉलवर बसून मोबाईलवर तीच यादी पाहू शकतो. डेस्कटॉप प्रोग्राम प्रत्येक संगणकावर नव्याने बसवावा लागतो किंवा त्यात आपोआप अद्ययावत होण्याची सोय घालावी लागते. उलट वेबला सर्व्हरचे भाडे दरवर्षी भरावे लागते आणि ते थकले की वही बंद.

मग निवड कशी करायची?

पेणच्या कारखान्यात मागण्या अनेक ठिकाणांहून येतात, यंत्रे जोडायची नसतात आणि मोबाईलवर पाहण्याची गरज मोठी असते. तिथे नेटशिवायही चालणारा वेब प्रोग्राम बरा. धाटावच्या काट्याजवळ एकच संगणक, एकच काम आणि जोडलेली यंत्रे असतात. तिथे डेस्कटॉप टूलकिट बरे, आणि दिवसअखेरचा गोषवारा सर्व्हरवर पाठवला की मालकालाही घरबसल्या दिसतो.

करार करण्यापूर्वी हे पाच प्रश्न जरूर विचारा:

- नेट बंद करून पावती काढून दाखवाल का?
- आमच्याच काट्यावर आणि प्रिंटरवर चालवून दाखवाल का?
- आमच्या सर्वांत जुन्या संगणकावर ते चालते का?
- बॅकअप कुठे जातो आणि तो परत कसा भरायचा?
- उद्या तुम्ही काम सोडले, तर माहिती एक्सेलमध्ये काढून मिळेल का?

शेवटच्या प्रश्नाला "नाही" असे उत्तर आले, तर फ्रेमवर्क कुठले आणि टूलकिट कुठले ही चर्चा तिथेच थांबवा. पडद्यावरची बटणे पुन्हा बनवता येतात, वीस वर्षांच्या गिऱ्हाइकांची वही पुन्हा बनवता येत नाही.