दीर्घ पल्ल्याची स्वस्त विमानसेवा

मूळ भाडे कमी ठेवून सामान, जेवण, आसनाची निवड यांचे पैसे वेगळे आकारणारी, खंडांतर मार्गांवरील प्रवासी विमानसेवा. युरोप आणि अमेरिका यांना जोडणारा अटलांटिक महासागरावरील मार्ग ही तिची सर्वांत जुनी कसोटी मानली जाते. महाराष्ट्रात या प्रकाराच्या सर्वांत जवळ गेलेली सेवा म्हणजे इंडिगो कंपनीने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर व ॲम्स्टरडॅम येथे सुरू केलेली थेट उड्डाणे.

इतिहास : आइसलँडच्या लॉफ्टलेडिर कंपनीने १९५० च्या दशकापासून रेक्याविकमार्गे स्वस्तात अटलांटिक ओलांडण्याची सोय केली. ब्रिटिश उद्योजक फ्रेडी लेकर यांची ‘स्कायट्रेन’ सेवा २६ सप्टेंबर १९७७ रोजी लंडन–न्यूयॉर्क मार्गावर सुरू झाली. आगाऊ आरक्षण नाही, रांगेत उभे राहून तिकीट घ्यायचे आणि जेवणाचे पैसे वेगळे, अशी तिची रीत होती. लंडनहून जाण्याचे भाडे ५९ पौंड होते. मोठ्या कंपन्यांनी भाडी उतरवली आणि पौंड घसरल्याने डॉलरमधील कर्ज जड झाले. फेब्रुवारी १९८२ मध्ये कंपनी बुडाली. २०१३ मध्ये नॉर्वेजियन कंपनीने बोइंग ७८७ विमाने घेऊन हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. इंजिनांतील बिघाड, कर्जाचा डोंगर आणि शेवटी कोविडची साथ यांमुळे जानेवारी २०२१ मध्ये तिने लांबचे मार्ग सोडून दिले. प्रायमेरा (२०१८), वॉव (२०१९) आणि प्ले (२०२५) या कंपन्याही बंद पडल्या.

खर्चाचे गणित : कमी पल्ल्यावर स्वस्त कंपनीची बचत मुख्यतः वेगातून होते. विमान उतरल्यावर अर्ध्या तासात पुन्हा निघते, त्यामुळे दिवसाकाठी फेऱ्या वाढतात. लांब पल्ल्यावर जुन्या कंपन्यांची विमानेही दिवसाचा बराचसा वेळ हवेतच असतात. तेथे ही बचत उरत नाही. उलट एकूण खर्चात इंधनाचा वाटा वाढतो आणि इंधनाचा भाव सर्वांना जवळपास सारखाच पडतो. वैमानिक व कर्मचाऱ्यांच्या परदेशातील मुक्कामाचा खर्चही टळत नाही. दोन तास उपाशी बसणारा प्रवासी दहा तासांच्या प्रवासात पोटाची सोय मागतो. शिवाय अटलांटिकवर उन्हाळ्यात गर्दी आणि हिवाळ्यात ओढगस्त असते. बिझनेस वर्ग, मालवाहतूक आणि लहान शहरांतून येऊन विमान बदलणारे प्रवासी यांच्या जोरावर जुन्या कंपन्या हे महिने निभावतात. नव्या कंपनीकडे बहुधा यांपैकी काहीच पुरेसे नसते.

मुंबईचे उदाहरण : नॉर्वेजियनने सोडलेली ७८७ विमाने घेऊन नॉर्स अटलांटिक ही कंपनी २०२१ मध्ये स्थापन झाली आणि जून २०२२ मध्ये ऑस्लो–न्यूयॉर्क उड्डाणे करू लागली. मंदीच्या महिन्यांत विमाने तोट्यात उडवण्यापेक्षा ती दुसऱ्या कंपनीला देणे तिला परवडले. तिच्या बारापैकी सहा विमाने भाड्याने घेण्याचे करार इंडिगोने केले. या व्यवस्थेत वैमानिक नॉर्सचे होते आणि केबिन कर्मचाऱ्यांत दोन्ही कंपन्यांचे लोक होते. १ जुलै २०२५ रोजी मुंबई–मँचेस्टर आणि २ जुलै रोजी मुंबई–ॲम्स्टरडॅम अशी, प्रत्येकी आठवड्यातून तीन उड्डाणांची सुरुवात झाली. विमानातील ३३८ आसनांपैकी ५६ अधिक ऐसपैस आणि महागड्या ‘स्ट्रेच’ वर्गाची, तर २८२ साधी होती. इंडिगोच्या देशांतर्गत विमानात साध्या वर्गाच्या प्रवाशाला खाण्याचे पैसे मोजावे लागतात. या मार्गांवर मात्र गरम जेवण भाड्यातच धरलेले होते.

लहान शहरांचा पुरवठा : ऑगस्ट २००६ मध्ये सुरू झालेल्या इंडिगोची खरी ताकद तिच्या देशांतर्गत जाळ्यात आहे. गोंदिया जिल्ह्यातील बिरसी विमानतळावर मार्च २०२२ मध्ये फ्लाय बिग या छोट्या कंपनीची सेवा सुरू झाली, पण टिकली नाही. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने गोंदिया–हैदराबाद–तिरुपती उड्डाणे सुरू केली. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांधच्या माणसाला मुंबईहून परदेशी जायचे, तर बिरसीहून दुसऱ्या शहरामार्गे किंवा नागपूरहून मुंबई गाठावी लागते. अशा आडवळणाच्या गावांतून येणारा एकेक प्रवासीच लांबच्या विमानातील शेवटच्या रांगा भरतो. लेकर आणि नॉर्स यांच्याकडे असे जाळे नव्हते. अटलांटिकपलीकडे जाण्यासाठी इंडिगोने स्वतःचे विमान पाठवण्याऐवजी जून २०२५ मध्ये डेल्टा, एअर फ्रान्स–केएलएम आणि व्हर्जिन अटलांटिक यांच्याशी भागीदारी जाहीर केली. स्वतःच्या लांब पल्ल्याच्या विमानांसाठी तिने २०२४ मध्ये एअरबस ए३५०-९०० जातीच्या ३० विमानांची मागणीही नोंदवली.

मूल्यमापन : अटलांटिकवर आज तग धरून असलेल्या कंपन्यांनीही शुद्ध स्वस्त सेवेचा हट्ट धरलेला नाही. ऑगस्ट २०२१ पासून न्यूयॉर्क–लंडन उड्डाणे करणारी जेटब्लू महाग वर्गाची आसने विकते आणि लहान विमान वापरते. मुंबईच्या उड्डाणांतही जेवण, ऐसपैस आसने आणि भागीदार कंपन्या आल्या, म्हणजे जुन्या कंपन्यांचेच बरेचसे गुण आले. केवळ कमी भाड्यावर उभी राहिलेली स्वतंत्र कंपनी या पल्ल्यावर सहसा फार काळ टिकलेली नाही. मोठ्या देशांतर्गत जाळ्याचा एक भाग म्हणून, आणि थोडी महाग होऊनच, ही सेवा टिकण्याची शक्यता अधिक आहे.