लोकरीचा भराव: ऐतिहासिक वेषभूषेसाठी

आपल्याकडचा थंडीतला डगला किंवा बंडी पिंजलेला कापूस भरून शिवत. म्हणून मराठेशाहीतील पात्राला आम्ही कापूसच सुचवतो. लोकर शोभते ती अठराव्या शतकातील इंग्रज पात्राला. तिकडे बायकांच्या टिपा घातलेल्या घागऱ्यांत रेशमाखाली बहुधा लोकरच भरलेली असे.

लोकरीचा केस नागमोडी असतो, दाबला तरी पुन्हा फुगतो. त्यामुळे टिपांची नक्षी छान उठते. वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही लोकर ओली लागत नाही. शिवाय ती सहज पेट घेत नाही. कापूस मात्र झटकन पेटतो आणि पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतो. रंगमंचावर खरी समई किंवा मशाल असेल तर हे आधी पाहावे. मुलांच्या पोशाखात तर पॉलिएस्टरचा भराव नकोच, कितीही स्वस्त मिळो.

घोंगडीची दख्खनी लोकर भरड, ती टोचते, मेरिनो घ्यावी. पिंजलेला पातळ थर मलमलीच्या दोन पदरांत ठेवावा, नाहीतर केस वरच्या कापडातून डोकावतात. कच्चे टाके घालून टिपा मधून कडेकडे न्याव्यात. टिपांनी कापड आवळते, म्हणून बेतणे त्यानंतर. (शिंपी घाई करतात, त्यांना बजावून सांगावे.)

धुताना गरम पाणी वापरू नये, चोळूही नये. लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते. ठेवण्यापूर्वी पोशाख पूर्ण वाळवावा. कसर लागू नये म्हणून वर्षातून दोनदा तरी काढून ऊन दाखवावे.