स्वर्गाची आशा (ख्रिस्ती)
मृत्यूनंतर ईश्वराच्या सान्निध्यात चिरंतन जीवन लाभेल, ही ख्रिस्ती धर्मातील मूलभूत श्रद्धा. श्रद्धा, आशा व प्रीती या तीन ईश्वरपर सद्गुणांपैकी ही ‘आशा’ होय. १ योहान ३:३ नुसार ही आशा बाळगणारा स्वतःला शुद्ध करतो. कलस्सैकरांस पत्रातील तिसरा अध्याय स्वर्गीय गोष्टींकडे चित्त लावण्यास सांगून लगेच क्रोध, लोभ व असत्य टाकण्याचा आदेश देतो. तरीही स्वर्ग हे कर्माचे वेतन नसून कृपेचे दान मानले जाते. साधकाची प्रार्थना, पश्चात्ताप व सेवा त्या दानाला दिलेला प्रतिसाद ठरतात.

मराठीत हा विचार फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) ओवीबद्ध झाला. पुढे कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांनी अभंग व भजनांतून या आशेला भक्तिपरंपरेची भाषा दिली. १९१७ मध्ये संन्यस्त वृत्ती स्वीकारून त्यांनी ‘देवाचा दरबार’ या ख्रिस्तभक्तांच्या संघाची कल्पना मांडली व बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान दिले. त्यांचे अपूर्ण काव्य ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्ण केले. टिळकांची गीते मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गायली जातात.