मुक्या घोड्याची साक्ष

सोलापूर जिल्ह्यांतील दुधनी ज्या भीमेच्या खोऱ्यांत वसली आहे, त्या नदीकांठचीं काटक तट्टें मराठी फौजेंत नांवाजलीं होतीं. शिलेदार स्वतःचा घोडा बाळगी. रणांत त्याचा जीव घोड्याच्या पायांवरच असे. म्हणून त्या पायांचें दुखणें झांकून त्याला परवडण्यासारखें नव्हतें.

शर्यतींत हें नातें पालटलें. महालक्ष्मीच्या मैदानावर १८८३ पासून घोडे धांवूं लागले. मालक निराळा, स्वार निराळा आणि पैज लावणारा तिसराच. पैशाच्या लोभानें औषध बरें करण्याऐवजीं जिंकण्याचें साधन बनलें. इंग्लंडांत उत्तेजकांचा सुळसुळाट झाला, तेव्हां जॉर्ज लॅम्बटन या अश्वशिक्षकानें तीं आपल्याच घोड्यांना उघडपणें देऊन त्यांचा प्रभाव दाखविला. १९०४ सालीं तेथें बंदी आली. पुढें लाळेची रासायनिक परीक्षाहि निघाली. परंतु पहिली काळजी होती ती पैजेची, घोड्याची नव्हे.

घोड्याची बाजू मागाहून पुढें आली. जनावरास हेतुपुरस्सर व विनाकारण अपायकारक औषध देणें भारतांत १९६० च्या कायद्यानें गुन्हा ठरलें. २००८ च्या ऑलिंपिकमधील अश्वस्पर्धा हाँगकाँगला झाल्या. तेथें चार घोड्यांच्या तपासणींत मिरचींतील दाहक द्रव्य, कॅप्सेसिन, आढळलें. तें वेदना शमवितें, तसेंच कातडी हुळहुळी करून आडव्या दांड्याचा स्पर्शहि झोंबवितें. नॉर्वेला सांघिक कांस्यपदक गमवावें लागलें.

लंगडणें ही मुक्या जनावराची तक्रार होय. औषधानें ती दडपून त्याला पळविलें, तर दुखापत बरी होत नाहीं. साक्षीदाराचें तोंड मात्र बंद होतें.