झाशीच्या राणीचे छायाचित्र आणि त्याखालचे नाव

जुन्या व्यक्तिचित्रापुढे उभे राहिले की दोन प्रश्न विचारावे लागतात : ते कोणी काढले आणि त्यात कोण आहे? लूव्ह्र संग्रहालयातील, लिओनार्दोचे मानले जाणारे ‘ला बेल फेरोनिएर’ घ्या. मिलानच्या दरबारातील ती स्त्री नेमकी कोण, यावर आजही एकमत नाही. मराठी वाचकापुढे हेच कोडे झाशीच्या राणीच्या बाबतीत उभे राहते.

२००९ साली भोपाळच्या एका प्रदर्शनात लक्ष्मीबाईंचे ‘एकमेव छायाचित्र’ मांडले गेले. ते हॉफमन या छायाचित्रकाराने १८५० मध्ये टिपल्याचे सांगितले गेले आणि वर्तमानपत्रांतून ते सर्वदूर पोचले. परंतु या नावाशी जोडली जाणारी ‘जॉन्स्टन अँड हॉफमन’ ही पेढी कलकत्त्यात सुरू झाली ती १८८० च्या दशकात. आणि राणी तर जून १८५८ मध्येच ग्वाल्हेरला धारातीर्थी पडली. यावरून चित्रातली स्त्री दुसरीच कोणी, असे सिद्ध होत नाही. मात्र कर्ता आणि साल एकत्र टिकत नाहीत, आणि ‘ही राणीच’ या विधानाला मग कोणाची साक्ष उरते?

शब्दचित्रांची साक्ष अधिक भक्कम आहे. संस्थान खालसा झाल्यावर १८५४ मध्ये राणीने जॉन लँग या वकिलाला सल्ल्यासाठी बोलावले. छोट्या दत्तकपुत्राने पडदा बाजूला सारला आणि लँगला ती क्षणभर दिसली : गोल चेहरा, सुरेख डोळे, साधे पांढरे वस्त्र, कानांतल्या सोन्यावाचून अंगावर दागिना नाही. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या आठवणींतही पतीच्या निधनानंतर नथ न घालणारी राणी आहे. एक सिडनीत जन्मलेला वकील, दुसरे कोकणातले भिक्षुक. परस्परांशी संबंध नसलेल्या या दोघांचे साम्य मोलाचे आहे.

तरी इथेही सावध राहायला हवे. ‘माझा प्रवास’ घटनांनंतर पंचवीसेक वर्षांनी लिहिले गेले. १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी ते प्रसिद्ध केले, तेही फेरफार करून. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांच्या संपादनातून १९६६ मध्ये वाचकांपुढे आली. म्हणजे जो प्रश्न छायाचित्राला विचारला, तोच पुस्तकालाही विचारावा लागतो : हा हात कोणाचा? राणीचा चेहरा पाहण्याची आपली ओढ खरी आहे. म्हणूनच त्या ओढीपोटी कोणा अनामिकेचा चेहरा तिला देऊ नये. तसे केल्याने दोघींवरही अन्याय होतो.