हवाबंद अन्नातील विष

अन्न बिघडले तर ते आपल्याला कळतेच, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. भात आंबला की वास येतो, भाजीला तार सुटते, भाकरीवर बुरशी धरते. नाक, डोळे आणि जीभ हे आपल्या देहाच्या दारातील तीन पहारेकरीच होत, आणि बहुधा ते आपले काम चोख बजावतात. परंतु एक विष असे आहे, की ते कित्येकदा या तिघांनाही चुकवून आत शिरते. त्यापासून होणाऱ्या विकारास बॉट्युलिझम म्हणतात. हा विकार विरळा. पण झाला तर प्राणांवर बेततो. या विषाचा माग काढावयास माणसाला शंभरांहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाची हकीगत आज सांगावयाची आहे.

हिचा आरंभ जर्मनीच्या नैर्ऋत्येकडील व्युर्टेंबेर्ग राज्यात होतो. डुकराचे जठर अथवा आतडे रक्त, मांस आणि चरबी यांनी ठासून भरावयाचे, ते उकडून धुरावर टांगावयाचे आणि पुढे पुरवून पुरवून खावयाचे, अशी तेथील घरोघरची रीत होती. यालाच सॉसेज म्हणतात. १७९३ साली विल्डबाड या गावी असे सॉसेज खाऊन तेरा माणसे आजारी पडली आणि त्यांतील सहा दगावली. पुढे नेपोलियनच्या युद्धांनी तो मुलूख नागवला गेला. दारिद्र्य वाढले, अन्न तयार करण्यातील दक्षता ढिली पडली, आणि अशा दुर्घटना वारंवार कानांवर येऊ लागल्या.

त्यांचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला तो युस्टिनुस केर्नर या सरकारी वैद्याने. जर्मन साहित्यात केर्नरचे नाव आहे ते कवी म्हणून. पण रुग्णांच्या उशाशी बसून त्याने जी टिपणे केली, ती पाहता त्याची दृष्टी शास्त्रज्ञाची होती, हे मान्य करावे लागते. १८२० साली त्याने ७६ रुग्णांची आणि १८२२ साली १५५ रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. तोंडाला कोरड पडते, एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, पापण्या मिटतात, घास गिळवत नाही, वाणी अडखळते, मग हातपाय लुळे पडतात आणि अखेरीस श्वास थांबतो. या सर्व काळात रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. आपल्याला काय होत आहे हे त्याला कळत असते, आणि या विकाराची भीषणता नेमकी येथेच आहे.

केर्नरने विषारी सॉसेजचा अर्क प्राण्यांना देऊन पाहिला. इतकेच नव्हे, तर त्याचे काही थेंब स्वतःच्या जिभेवर घेण्याचे साहसही त्याने केले. हे विष हवा नसलेल्या ठिकाणी तयार होते, ते मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारी आज्ञा खंडित करते, आणि त्याची अत्यल्प मात्राही घातक ठरते, असे निष्कर्ष त्याने काढले. विष चरबीतून उत्पन्न होते, हा त्याचा तर्क मात्र चुकला. रोगजंतूंची कल्पनाच ज्या काळात रुजली नव्हती, त्या काळात याहून पुढे जाणे कोणास शक्य होते?

पुढचे पाऊल पडले ते बेल्जियममध्ये. डिसेंबर १८९५ मध्ये एल्झेल या खेड्यात एका वृद्धाच्या अंत्यविधीला गावचे वाद्यवृंद-मंडळ आले होते. विधीनंतरच्या भोजनात डुकराची खारवलेली मांडी होती. ती खाणाऱ्या वादकांपैकी पुष्कळ जण आजारी पडले आणि तिघे दगावले. गेंट येथील प्राध्यापक एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसाची तपासणी केली. विषारी मांडी पिंपाच्या तळाशी, मिठाच्या पाण्याखाली बुडालेली होती. त्याच डुकराचे वरच्या थरातील मांस निरुपद्रवी ठरले. जेथे हवा पोचत नव्हती तेथेच विष झाले होते! एर्मेंगेम यांनी त्या मांसातून एक जंतू वेगळा काढला आणि १८९७ साली आपले संशोधन सविस्तर मांडले. सॉसेजला लॅटिनमध्ये बॉट्युलस म्हणतात; त्यावरूनच जंतूला व विकाराला नाव पडले. तथापि, विष केवळ मांसातच होते, ही समजूतही पुढे टिकली नाही. १९०४ साली डार्मस्टाट येथे डबाबंद पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांनी अकरा बळी घेतले.

या जंतूचे वास्तव्य मातीत असते. प्रतिकूल काळात तो बीजाणूचे रूप धारण करतो, आणि हा बीजाणू साध्या उकळत्या पाण्यातही तासन्‌तास तग धरतो. अन्न बंद पात्रात तापवून टिकविण्याची युक्ती फ्रान्सच्या निकोला आपेर याने काढली. तिच्याबद्दल १८१० साली सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले. या युक्तीने सैन्ये पोसली आणि दूरच्या सफरी सुकर झाल्या. परंतु उष्णता अपुरी पडली, तर इतर जंतू मरतात, हवा निघून जाते, आणि बीजाणूला स्पर्धक नसलेले मोकळे रान मिळते. १९१९-२० साली कॅलिफोर्नियातील डबाबंद ऑलिव्ह फळांनी अमेरिकेत अनेक बळी घेतले, तेव्हा हे उमगले. १९२२ साली एस्टी व मायर यांनी बीजाणूंचा नाश करणाऱ्या उष्णतेचे गणित मांडले. १२१ अंश सेल्सियसला सुमारे तीन मिनिटे, हा दंडक त्यातूनच आला. तो आजही पाळला जातो.

आपल्याकडे या विकाराच्या नोंदी थोड्या आहेत. पण आपण त्यापासून सर्वस्वी मुक्त नाही. १९९६ साली गुजरातेतील एका निवासी शाळेत मुलांना झालेल्या विषबाधेत शेवेवर संशय आला, आणि याच विषाची निर्मिती करू शकणारा एक भाईबंद जंतू तीत आढळला. आपले कैरीचे लोणचे मात्र या जंतूला मानवत नाही. त्याचे श्रेय आपण वर तरंगणाऱ्या तेलाला देतो. वास्तविक तेल बुरशीला अटकाव करते; या जंतूला रोखतात ती कैरीची आंबटाई आणि मीठ. नुसते तेल उलट हवा कोंडते. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणाने अनेकांना बाधा झाली, ती याच कारणाने.

दुसरी गोष्ट अधिक जिव्हाळ्याची. नवजात बालकाला मध चाटविण्याची आपली जुनी प्रथा आहे. मधात या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत. पण अर्भकाच्या कोवळ्या आतड्यात ते रुजतात आणि तेथेच विष निर्माण करतात. हा प्रकार १९७६ साली प्रथम ओळखला गेला. तेव्हापासून पहिले वर्ष सरेपर्यंत मुलाला मध देऊ नये, असे वैद्यक सांगते. यात पूर्वजांचा अधिक्षेप नाही. त्यांच्या वात्सल्याला आपण आजच्या ज्ञानाची जोड द्यावयाची, एवढेच.

या विषाचा वैद्यकात उपयोग होईल, असेही केर्नरने लिहून ठेवले होते. अनावर हालचालींच्या विकारांत अत्यल्प मात्रेने स्नायू शांत करता येतील, अशी त्याची अपेक्षा होती. दीडशेहून अधिक वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर हे विष वापरून दाखविले, आणि १९८९ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

आज या विषावर प्रतिविष आहे, आणि श्वास चालू ठेवणारी यंत्रेही आहेत. पण दोन्हींचा लाभ रुग्ण वेळेवर पोचला तरच. म्हणून फुगलेला किंवा गळका डबा चाखून पाहू नये, तो टाकूनच द्यावा. घरी बंद करून ठेवलेले, आंबट नसलेले अन्न दहा मिनिटे चांगले उकळल्याशिवाय खाऊ नये. आणि जेवणानंतर एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. व्युर्टेंबेर्गच्या खेड्यांतून मेलेल्या त्या गरिबांना हे सांगणारे कोणी नव्हते. त्यांच्या मरणांची नोंद एका कवीने मन लावून ठेवली, म्हणून आज ते आपल्याला सांगता येते.